गाडी सकाळी रुसते, संध्याकाळी उठते. तुमच्या बाइकने असं केलंय? अनुभव लिहा

चार महिने झाले, माझी बाइक माझ्याशी खेळतेय. १२५ सीसी, २०१८चं मॉडेल, म्हणजे बीएस-फोर, कार्बोरेटरवाली, सेल्फ पण आहे आणि किक पण. राहतो खारेगावला, सकाळी कळवा ब्रिजवरून ठाणे स्टेशन, तिथे पे अँड पार्कला गाडी लावायची आणि पुढे फास्ट लोकल (कळव्याला फास्ट थांबत नाही हे दुखणं वेगळं, ते इथे नको). तर आठवड्यातून दोनतीनदा असं होतं की सकाळी बिल्डिंगखाली किल्ली ऑन केली की मीटर लागतो, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो, आणि सेल्फ दाबला की सगळं गुल. दिवा पण जातो. कधी नुसतं टक् होतं. किकला कधी उठते, कधी नाही. मग वॉचमन काकांना सोबत घेऊन गेटपर्यंत ढकलत नेली की एकदम काहीच झालं नाही अशी चालू. संध्याकाळी स्टेशनवरून निघताना एकदाही अडलेली नाही. गॅरेजला नेली की लाजेकाजेस्तव पहिल्या सेल्फला उठते, मेकॅनिक माझ्याकडे बघतो आणि मी मान खाली घालतो.

आतापर्यंत नवी बॅटरी, नवा प्लग, कार्ब साफ, सेल्फचा रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच). साडेतीन हजार गेले, दुखणं तिथेच.

म्हणून हा धागा. "सर्व्हिस सेंटरला दाखवा" हे कृपया लिहू नका, दाखवून झालंय. तुमच्या गाडीने असं कधी होतं कधी नाही केलं असेल तर नेमकं केव्हा करायची, काय काय फुकट बदललंत आणि शेवटी निघालं काय, एवढं सांगा. फजिती पण चालेल.

नेरूळ, १५० सीसी, एफआय (कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शनवाली)

फजितीने सुरुवात करतो. माझी गाडी न्यूट्रलला मस्त चालू व्हायची, पहिला टाकला की फटकन बंद. पण रोज नाही हां, पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी. मला वाटलं क्लचचं काहीतरी, केबल बदलली, मग क्लच लिव्हरखालचा स्विच बदलला. शेवटी पामबीचवर सिग्नलला तिसऱ्यांदा बंद पडल्यावर मागच्या डिलिव्हरीवाल्या पोराने गाडीवर बसल्या बसल्या साइड स्टँडला दोन लाथा घातल्या आणि म्हणाला आता लावा. लागली! स्टँडच्या मुळाशी स्विच असतो, त्यात चिखल जाऊन बसला होता, स्टँड वर असला तरी गाडीला वाटायचं खालीच आहे. पाण्याने धुऊन, डब्ल्यूडी-फॉर्टी मारून, स्टँड वीसपंचवीस वेळा वरखाली केला. त्याला दोन वर्षं झाली. एका मेकॅनिकने सांगितलेलं की वायर तोडून डायरेक्ट करून टाकू, ते मात्र करू नका, स्टँड खाली राहिलेला असताना डावीकडे वळलात तर कळेल तो स्विच कशाला दिलाय.

वर्तकनगर, ठाणे

मी स्त्री आहे आणि बाइक चालवते, त्यामुळे गाडी बंद पडली की आसपासचे चार जण "ताई चोक ओढा" सांगायला येतात हे आधी नमूद करते. माझी सासऱ्यांची जुनी १०० सीसी. घोडबंदरला माहेर आहे, वर्तकनगरवरून निघालं की पहिले काही किलोमीटर उत्तम, मग मानपाड्याच्या पुढे कुठेतरी धापा टाकायला लागायची आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. जवळच्या जवळ फिरवली तर काहीच नाही, त्यामुळे घरात कुणाचा विश्वास बसेना, नवरा म्हणाला तुला गिअर नीट टाकता येत नाहीत. कार्ब दोनदा उघडून झाला. एकदा गायमुखच्या अलीकडे उभी होते, पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली आणि पुढच्या किकला गाडी चालू. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं, ते बुजलं होतं, वरून आम्ही हौसेने टाकीवर रेक्झिनचं कव्हर घातलेलं, ते झाकणावर घट्ट बसायचं. पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल उतरायचंच थांबतं, उपडी बाटली गटगट करत अडते ना, तसंच. पिनने भोक मोकळं केलं, कव्हर काढून पायपुसणं केलं. नवऱ्याला गिअर आता मी शिकवते.

सानपाडा

किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. सोसायटीतली पोरं लाल बटण दिसलं की दाबतात. मी किका मारून घामाघूम, आणि सात वर्षांचा एक महात्मा लांबून बघत होता. बाकी काही लिहीत नाही.

घणसोली, महापेला नोकरी

तुमच्यापेक्षा उलटी केस. माझी सकाळी पहिल्या सेल्फला उठायची, पण तापली की मरायची. शनिवारी गावी कल्याणकडे जायचो, शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास रखडलं की बंद. सेल्फ गरगर फिरतोय, पेट्रोल आहे, पण गाडी पेट घेत नाही. अर्धा तास झाडाखाली बसलं की चालू. गॅरेजला पोचेपर्यंत गार झालेली असते त्यामुळे कुणाला सापडायचं नाही, त्यांनी प्लग, प्लगची कॅप, एचटी कॉइल (प्लगला जोरदार करंट देणारी), सीडीआय (स्पार्क पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असं सगळं एकेक करून बदललं.

शेवटी मीच डिकीत एक जास्तीचा प्लग आणि पाना ठेवला. बंद पडली की तो प्लग कॅपमध्ये लावून इंजिनच्या फिन्सना टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. स्पार्क नाहीच. (हे पेट्रोल गळत असेल किंवा प्लगचं भोक उघडं असेल तर करू नका, भडका उडेल.) म्हणजे पेट्रोलचा विषय संपला, करंटचा आहे. मग एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी गरम असतानाच मॅग्नेटच्या कव्हरवर ओलं फडकं ठेवलं, पाच मिनिटांनी सेल्फ मारला, उठली. पिकअप कॉइल, म्हणजे स्पार्क केव्हा पाडायचा ते सीडीआयला सांगणारी. आतली बारीक तार तुटलेली, गार असताना टोकं चिकटायची आणि गरम झाली की सुटायची. गार असताना मल्टिमीटरवर ओहम (तारेचा रोध) बरोबर दाखवायची म्हणून सगळे फसले. मोजायचं तर बिघडलेली असतानाच मोजा, बरी असताना मोजून काय उपयोग.

खारघर

पेट्रोल बघा हो आधी. हे ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आल्यापासून सगळ्यांच्या गाड्या अशाच झाल्यात. माझी पावसाळ्यात दोन महिने उभी होती, नंतर उठेचना, उठली तर शंभर मीटरवर बंद.

तुर्भे, माझं छोटं गॅरेज आहे

खारघरवाल्या दादांचं अर्धं बरोबर आहे. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये मिसळून जळून पण जातं, पण जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि टाकीच्या तळातूनच तर पेट्रोल जातं. कार्बच्या खाली स्क्रू असतो, तो सोडून काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडं थांबा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. पण रोज चालणाऱ्या गाडीत हे होत नाही, झाकणाचं रबर गेलंय आणि वॉशिंगवाल्याने प्रेशरने पाणी मारलं असेल तर गोष्ट वेगळी. मूळ धागेवाल्यांचं दुखणं पेट्रोलचं नाहीच. पेट्रोल संपलं म्हणून न्यूट्रलचा दिवा विझतो का?

आता साहेब तुम्हाला विचारतो. बॅटरी बदलणं म्हणजे आमच्या धंद्यातली तापाची गोळी, काही झालं की आधी तीच, कारण गिऱ्हाइकाला पटते. पण ४००-५०० रुपयांचा मल्टिमीटर घेतलात तर हा खर्च वाचला असता. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. सेल्फ दाबून धरल्यावर १०च्या खाली कोसळली तर बॅटरी गेली. गाडी चालू करून जरा रेस दिली की १४च्या आगेमागे यायला पाहिजे, १५च्या वर गेलं तर रेक्टिफायर (चार्जिंग आवाक्यात ठेवणारा भाग) गेला आणि तो नवी बॅटरी पण शिजवणार. हे झालं नेहमीचं.

तुमच्याकडे मात्र गंमत अशी आहे की संध्याकाळी अकरा तास उभी राहून पण ती उठते. मग रात्रभर उभी राहिल्याने बॅटरी कशी उतरेल? थंडीचं म्हणाल तर खारेगावात कसली थंडी. म्हणजे घरी तुम्ही काहीतरी असं करता जे स्टेशनवर करत नाही. ते काय, आठवा. आणि पुढच्या वेळी अडली की ढकलू नका. तिथेच बॅटरीवर मीटर लावून सेल्फ दाबा. दिवा विझला पण बॅटरीवर १२.५ तसेच राहिले तर बॅटरी निर्दोष, मधे कुठेतरी वायर तुटतेय.

ऐरोली

आमच्याकडे उंदीर होता. दोन आठवडे गावाला गेलो, आल्यावर सेल्फ मेला. सीट काढली तर खाली शेंगदाण्याची सालं आणि अर्धी कुरतडलेली वायर. पोडियम पार्किंगवाल्यांनी सीटखाली एकदा नजर टाकाच.

सीबीडी बेलापूर

तुमच्याकडे किक तरी आहे. माझ्या एफआय गाडीला किकच नाही, आणि बॅटरी पार बसली की धक्का मारून पण काही होत नाही कारण पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो. किल्ली ऑन केल्यावर टाकीतून दोन सेकंद गुईं असा आवाज येतो तो पंपाचा, तो ऐकायची सवय लावा, आला नाही तर ढकलत दम घालवू नका. माझं निदान शेवटी अगदीच भिकार निघालं, बॅटरीच्या टर्मिनलचा स्क्रू हाताने फिरत होता आणि खाली पांढरी बुरशी. खाडीची खारी हवा आहे आपल्याकडे, गरम पाणी, जुना टूथब्रश, मग थोडं व्हॅसलिन, दहा मिनिटांचं काम. सर्व्हिसिंग मात्र त्याआधी दोनदा झालेलं, बिलावर "बॅटरी चेक" असं लिहून.

खारेगाव, मूळ धागा माझाच

तुर्भेवाल्या दादांनी विचारलेलं डोक्यात बसलं. दोन दिवस काही सुचेना, तिसऱ्या दिवशी स्टेशनला गाडी लावताना पार्किंगवाला ओरडला "हँडल लॉक करू नका, सरकवायची आहे", रोजच ओरडतो, आणि मी तिथेच थांबलो. घरी मी हँडल लॉक करतो. डावीकडे पूर्ण वळवून, रात्रभर. स्टेशनला आणि गॅरेजला कधीच नाही.

गुरुवारी सकाळी अडली. मीटर आणून ठेवलाच होता. सेल्फ दाबला, दिवा गेला, बॅटरीवर १२.५ हलले पण नाहीत. मग किल्ली ऑन ठेवून नुसतं हँडल हळूहळू डावीउजवीकडे केलं, तर न्यूट्रलचा दिवा दिवाळीच्या माळेसारखा. ऑफिसला दांडी मारली. हेडलाइट काढला, स्टेअरिंगच्या मानेजवळ वायरींचा जुडगा वळतो तिथली टेप सोलली. किल्लीच्या स्विचला जाणारी एक वायर बाहेरून साफ दिसत होती पण दोन बोटांत वाकवली की एका जागी मऊ लागायची. कापली तर आत हिरवट पडलेलं तांबं आणि जेमतेम तीनचार तारा शाबूत. दिव्यापुरता करंट त्यातून जायचा, सेल्फच्या रिलेने ओढला की नाही. सीडीआयला कमी लागतो म्हणून किकला कधी कधी उठायची. आणि गेटपर्यंत ढकलताना हँडल वळायचं, तारा परत टेकायच्या, मी समजायचो धक्क्याने लागली. वॉचमन काकांना चार महिने उगाच पळवलं.

मेकॅनिककडून नवा तुकडा सोल्डर करून घेतला, वर स्लीव्ह, आणि वळणापाशी वायर जरा सैल ठेवली. १२० रुपये. तेव्हापासून रोज रात्री मुद्दाम लॉक करतोय, आज बाविसावा दिवस, अजून अडलेली नाही.

तुर्भे

छान. सैल ठेवली हे बरं केलंत, लोक ताणून बांधतात आणि सहा महिन्यांनी परत येतात. जुनी बॅटरी टाकून दिलीत का?

खारेगाव

नव्या बॅटरीच्या बदल्यात दुकानात दिली, तीनशे कमी केले त्याने. चांगली होती हे आता कळतंय.

घणसोली

वायर कुठल्या रंगाची होती? माझ्या भावाची सेम गाडी आहे, सेम नखरे.

खारेगाव

लाल. पण रंगावर जाऊ नका, भावाला आधी किल्ली ऑन करून हँडल फिरवून बघायला सांगा, आणि ते सकाळी, गाडी ढकलायच्या आधी.