पाठीवरची सिबेशियस सिस्ट पहिल्यांदा काढताना : लोकल (जागा बधीर करणारं औषध) किती, सिस्ट फुटली तर काय?

बार्देशचा_इंटर्न
ग्रामीण पोस्टिंग चालू आहे. शुक्रवारी आरोग्य केंद्राच्या मायनर ओटीत (छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीत) सिबेशियस सिस्ट, म्हणजे कातडीखालची लगद्याने भरलेली पिशवीसारखी गाठ, काढायची आहे. एमओ (मेडिकल ऑफिसर) मॅडम शेजारी असतील, पण ब्लेड माझ्या हातात. पेशंट ४५ वर्षांचा, वजन ६० किलो. उजव्या खांद्याच्या पात्याखाली अडीच सेंटिमीटरची गाठ, मधोमध काळा ठिपका. लाली नाही, दुखत नाही. साखर नॉर्मल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नाहीत. लोकलसाठी २ टक्के लिग्नोकेन किती एमएलपर्यंत चालेल? सिस्ट मध्येच फुटली तर काय करायचं? आणि चवथ (गणेश चतुर्थी) शुक्रवारपासून १२ दिवसांवर आहे, तोवर टाके निघतील का? पेशंटचा पहिला प्रश्न तोच आहे.

सर्जरी_पीजी
२ टक्के म्हणजे एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम. त्यात अॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) मिसळलेलं नसेल तर किलोमागे ३ मिलिग्रॅम धर. ६० किलोला १८०, म्हणजे ९ एमएल. एवढी लागणार नाही. ५ एमएल औषधात ५ एमएल नॉर्मल सलाइन मिसळ, १ टक्क्याचं १० एमएल होतं आणि पेशंटला जातात फक्त १०० मिलिग्रॅम. भरण्याआधी बाटलीवरचं लेबल स्वतः मोठ्याने वाच.

सुई टोचण्याआधी गाठीची कड आणि छेदाची रेघ पेनने आखून घे. औषध गेलं की सगळं फुगतं आणि कड हाताला लागत नाही. २६ नंबरची सुई, गाठीच्या चारही बाजूंनी आणि तळाशी. प्रत्येक वेळी आधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं. गाठीच्या आत मात्र सोडायचं नाही. आत दाब वाढला की ठिपक्यातून पिचकारी उडते, बहुतेकदा थेट तोंडावर, म्हणून गॉगल हवाच. नेमकं सिस्टच्या भिंतीलगत (पिशवीच्या आवरणालगत) गेलं तर औषधच भिंत आजूबाजूच्या चरबीपासून सोडवून देतं, निम्मं काम तिथेच होतं.

मग घड्याळ लावून ५ मिनिटं थांब. पहिल्या केसमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: घाईत ब्लेड लावलं, पेशंट दचकला, हात हलला.

१५ नंबरचं ब्लेड. ठिपका मधोमध धरून कातडीच्या रेषांच्या दिशेने होडीच्या आकाराचा छेद, ३ सेंटिमीटर लांब, १ रुंद. कातडीपुरतंच काप. ठिपक्यापाशी भिंत कातडीला चिकटलेली असते, म्हणून दोन्ही टोकांकडून सुरुवात कर. खाली मोत्यासारखी पांढरट, चकचकीत भिंत दिसली की बरोबर थरात आहेस. कापलेली कातडी अॅलिसने (दाते असलेल्या पकडीने) धर, तीच तुझी मूठ. बाकडा मॉस्किटो (बारीक टोकाचा चिमटा) मिटलेला घाल, आत उघड, उघडाच बाहेर काढ.

फुटली तर घाबरू नकोस. आतला लगदा पुसून काढ, सलाइनने धू, भिंतीची कड मॉस्किटोत पकड आणि तुकड्या-तुकड्याने का होईना, सगळी काढ. शेवटी तुकडे गॉजवर पसरून जुळवून बघ. एक तुकडा राहिला तरी गाठ परत येते.

ओटी_सिस्टर
पेशंट "बसून करा" म्हणेल, ऐकू नका. पालथं झोपवा, बसलेला माणूस चक्कर येऊन पडतो. बीटाडीन लावल्यावर सुकू द्या. ब्लेड हातात द्यायचं-घ्यायचं नाही, किडनी ट्रेमधून. सुईला टोपण परत लावायचं नाही. काम झालं की सरळ सुया-ब्लेडच्या पांढऱ्या डब्यात. गाठ तपासणीला पाठवण्यासाठी १० टक्के फॉर्मलिनची बाटली पेशंटचं नाव लिहून आधीच तयार ठेवा, गाठ हातात आल्यावर शोधाशोध नको. पावसाळ्यात पाठीवरची चिकटपट्टी घामाने संध्याकाळपर्यंत सुटते. भोवतालची कातडी नीट कोरडी केल्याशिवाय लावू नका.

बार्देशचा_इंटर्न
मनापासून आभार, सिस्टर आणि सर. जागा बधीर झाली का ते चिमट्याने तपासताना पेशंट "लागता" म्हणाला तर ते दुखणं की नुसता दाब, हे कसं ओळखायचं?

जुना_सर्जन
आधीच सांगून ठेव : "दुखचें ना, पूण कोण तरी दाबता अशें दिसतलें" (दुखणार नाही, पण कुणीतरी दाबतंय असं वाटेल). आणि दाते असलेल्या चिमट्याने न सांगता चिमटा घे. चेहरा आक्रसला तर आणखी २ एमएल दे आणि पुन्हा थांब. ओठ बधीर, कानात गुणगुण, जिभेवर धातूची चव, यातलं काहीही म्हणाला तर औषध तिथेच थांबवायचं, ऑक्सिजन लावायचा, मॅडमना सांगायचं.

शुक्रवारपर्यंत गाठ लाल, गरम झाली तर काढू नकोस. पुवाच्या जागी आम्लता वाढलेली असते, लोकल नीट चढत नाही आणि भिंत ओल्या कागदासारखी फाटते. तेव्हा फक्त चीर देऊन पू काढायचा. गाठ दीड-दोन महिन्यांनी. पुढेही लक्षात ठेव : भुवईच्या बाहेरच्या टोकाची, नाकाच्या किंवा पाठीच्या कण्याच्या मध्यरेषेवरची आणि मानेच्या बाजूची गाठ आरोग्य केंद्रात उघडायची नाही, बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) पाठवायची. पहिल्या तिघी आत खोलवर जोडलेल्या असू शकतात, मानेत खांदा उचलणारी नस कातडीखालीच असते.

आत ३-० व्हिक्रिलने (विरघळणाऱ्या धाग्याने) पोकळी बंद कर, नाहीतर तिथे रक्त साचतं. कातडीला ३-० एथिलॉन (नायलॉनचा, नंतर काढायचा धागा). पाठीचे टाके १० ते १४ दिवसांनी काढतात, तेव्हा चवथीच्या आदल्या दिवशी निघतील. वर चिकटपट्ट्या लाव. पण दोन आठवड्यांच्या जखमेला मूळ कातडीच्या पावपटही ताकद नसते. हात वर केला की खांद्याचं पातं फिरतं आणि जखम ताणली जाते. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची सजावट) यंदा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बांधायची, हे त्याच्या बायकोसमोर सांग.