मदत हवी आहे: केळीच्या धाग्याला काळे डाग पडताहेत

नमस्कार मंडळी, रावेरहून लिहितोय. केळीच्या खांबाच्या धाग्यातून मेंदूतली पुर्किंजे पेशी कापडावर उभी करतोय, चार फूट उंच. समोर स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ काहालची शाईची चित्रं आहेत. (१९०६चं नोबेल त्याला इटलीच्या गोल्जी या शास्त्रज्ञासोबत मिळालं, आणि मेंदूच्या रचनेवर दोघांचं पटतच नव्हतं!)

धागा मुद्दाम केळीचा. आमची केळी ग्रँड नैन जातीची, टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची), म्हणजे मळाभर एकच जनुकं. तरी एक धागा पिवळसर, दुसरा तपकिरी. शरीरातल्या पेशींचंही तसंच ना, जनुकं एकच पण रूपं वेगळी!

अडचण अशी, की आठ दिवसांत धाग्यावर काळे डाग आले. धागा काढल्यावर कशात धुवायचा? आणि पेशीच्या बारीक फांद्या लोंबतात, त्या ताठ कशा ठेवायच्या? आई म्हणते साबुदाण्याची खळ लाव, पण मग झुरळं लागतील ना? कुणी केलंय का असं काम?