मदत हवी आहे: मसाला चहा फाटतोय, लवकर सांगा

घाईत_आहे: सकाळपासून दोनदा फाटला. चार कप करायचाय, पाचला माणसं येणार. दूध ताजं आहे, 'दूध बदला' सांगू नका. काय चुकतंय?

पंचवटीकर: पाणी किती, दूध किती? आलं कधी पडतं? आणि दूध ताजं म्हणजे पिशवीचं की रतिबाचं? रतिबाचं तापवायच्या आधी बाहेर राहिलं असेल तर वाटीभर नुसतं उकळून बघा. तेवढ्यानेच नासलं तर पुढचं सगळं सोडा.

घाईत_आहे: पिशवीचं, उकळून पाहिलं, ठीक आहे. निम्मं पाणी, निम्मं दूध. आलं, मसाला, पावडर सगळं एकदम घालून बारीक गॅसवर ठेवते. गाळण्यात पनीर राहतंय!

आलेपाक: मग आलंच. कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं. दूध ६०-७० अंशांवर रेंगाळलं की ते जोरात काम करतं. चीनच्या ग्वांगडोंगमध्ये तर आल्याच्या रसावर गरम दूध ओतून ते मुद्दाम दह्यासारखं लावतात. आलं आधणात टाका, ४-५ मिनिटं खळखळू द्या, मग दूध.

खलबत्ता: काहीही. अमृततुल्यवाले आलं ठेचून थेट दुधात टाकतात. त्यांचा कुठे फाटतो?

आलेपाक: त्यांचं दूध उकळत असतं, आलं पडताच एन्झाइम मरतं. इथे गार दूध, वर बारीक गॅस. फरक तिथेच आहे.

सोडा_चिमूट: खायचा सोडा चिमूटभर. विषय संपला.

आलेपाक: रंग काळपट आणि चव साबणाची. पाहुण्यांना द्यायचाय हो.

वेलदोडा: मसाल्याचं माप देतो. सुंठ २५ ग्रॅम, वेलची १५, मिरी १०, दालचिनी ५, लवंग ३, अर्धं जायफळ. मिरी-दालचिनी हलकी गरम करून गार झाल्यावरच दळा, नाहीतर वाफेने गोळे होतात. चार कपांना पाव चमचा. वेलची मात्र शेवटच्या मिनिटाला वेगळी ठेचून घाला, उकळत ठेवली की वास उडतो.

पंचवटीकर: मसाला तिने विचारलाच नाहीये. @घाईत_आहे, साखर किती आणि कधी?

घाईत_आहे: साखर नाही, गूळ. दूध घातल्यावर. त्याचा काय संबंध?

पंचवटीकर: अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! गूळ थोडा आंबट असतो, ओलसर किंवा जुना झाला की जास्तच. उकळत्या दुधात पडला की दूध नासतं. असं करा: ३५० मिली पाण्यात आलं उकळा, मग पावडर, दोन मिनिटांनी वेगळं तापवलेलं ३०० मिली दूध. एक उकळी आली की गॅस बंद. बुडबुडे बसल्यावर किसलेला गूळ, ढवळा, लगेच गाळा. गूळ घातल्यावर परत गॅसवर ठेवायचा नाही.

आलेपाक: आल्याचं म्हणणं मी सोडत नाही. दोन्ही चुका होत्या.

खलबत्ता: गूळ आधीच पाण्यात उकळला तरी चालतो, दूध कपात वरून घालायचं.

पंचवटीकर: चालतो, पण मग तो मसाला चहा कसला? दूध आणि चहा पावडर एकत्र उकळल्याशिवाय दाटपणा येत नाही.

तांबटआळी: पातेलं कसलं आहे? पितळी असेल तर कल्हई गेलीये का बघा. भांडी बाजारात विचारलं तर कल्हईवाला अजून मिळतो.

घाईत_आहे: स्टीलचं.

सोडा_चिमूट: गूळ असेल तर सोडा हवाच.

घाईत_आहे: केला. फाटला नाही!! पण पांचट लागतोय.

पंचवटीकर: पावडर किती घातली?

घाईत_आहे: दोन चमचे.

पंचवटीकर: चहाचे की पोह्यांचे? आणि बारीक दाण्यांची ममरी आहे की पत्ती?