युंगीय मानसोपचाराचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे विश्वस्त: त्यांची पार्श्वभूमी कशी पारखावी?

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आणि युंगीय विश्लेषणाचे, म्हणजे स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या परंपरेतील मानसोपचाराचे, प्रशिक्षण घेण्याच्या विचारात आहे. ज्या संस्थेकडे अर्ज करायचा आहे ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था असून तिने आपल्या विश्वस्तांचा अल्पपरिचय प्रसिद्ध केला आहे. निम्म्याहून अधिक विश्वस्त त्याच संस्थेत घडलेले विश्लेषक आहेत. उरलेल्यांत एक सनदी लेखापाल, एक वकील आणि एक निवृत्त शिक्षणाधिकारी आहेत. या प्रशिक्षणात स्वतःचे विश्लेषण, पर्यवेक्षणाखालील रुग्ण आणि चर्चासत्रे यांत कित्येक वर्षे आणि बरीच मोठी रक्कम गुंतते, त्यामुळे संस्था कोणाच्या हाती आहे हे मला आधी नीट समजून घ्यायचे आहे. विश्लेषकांची बहुसंख्या ही जमेची बाजू मानावी की काळजीची? आणि अशा परिचयांतून नेमके काय वाचायचे असते?

अक्षांश

सर्वप्रथम विश्वस्त मंडळ आणि प्रशिक्षण समिती यांत फरक करावा लागेल. कोणाला प्रवेश द्यायचा, कोणाचा प्रबंध स्वीकारायचा आणि कोणाला विश्लेषक म्हणून मान्यता द्यायची हे सहसा प्रशिक्षण समिती ठरवते. पण इंग्लंड आणि वेल्समधील धर्मादाय कायद्यानुसार संस्थेच्या कारभाराची अंतिम जबाबदारी विश्वस्तांवर असते, आणि काम समितीकडे सोपवले म्हणून ती जबाबदारी सुटत नाही. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाचा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही देखरेख धर्मादाय आयोग करतो, आणि त्याच्या नोंदवहीत प्रत्येक संस्थेच्या विश्वस्तांची नावे व गेल्या पाच वर्षांचे उत्पन्न आणि खर्च कोणालाही पाहता येतात.

विश्वस्तपद तेथे सर्वसाधारणपणे विनामोबदला असते. मात्र विश्वस्ताने संस्थेला वेगळी सेवा पुरवली, उदाहरणार्थ चर्चासत्र घेतले, तर काही अटींवर त्याला मानधन देता येते; २०११ च्या धर्मादाय कायद्यातील तरतुदीनुसार असे मानधन घेणारे विश्वस्त मंडळात अल्पसंख्य असावे लागतात. म्हणून परिचय वाचून झाल्यावर वार्षिक हिशेबातील विश्वस्तांशी झालेल्या व्यवहारांची टीप अवश्य वाचावी. परिचयातल्या पदव्यांपेक्षा ती टीप मला अधिक बोलकी वाटते, कारण जो शिकवतो, ज्याला शिकवण्याचे पैसे मिळतात आणि जो त्या खर्चाला मंजुरी देतो तो एकच माणूस आहे का, हे तेथे उघड होते.

नीलमोहर

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९४८ साली झुरिकमध्ये सी. जी. युंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा तिच्या नियामक मंडळाचे, म्हणजे क्युरेटोरियमचे, पहिले अध्यक्ष स्वतः युंग होते. त्यांच्यासोबत कार्ल आल्फ्रेड मायर, कुर्ट बिन्सवांगर, लिलियाने फ्राय आणि योलांडे याकोबी होत्या. मायर मनोविकारतज्ज्ञ होते. याकोबी वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या. त्या बुडापेस्टमध्ये जन्मल्या होत्या, व्हिएन्नातील कुल्टुरबुंड या सांस्कृतिक संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षे व्याख्याने व कार्यक्रम घडवून आणले होते आणि व्हिएन्नातच मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवून १९३८ मध्ये त्या झुरिकला आल्या होत्या. संस्था चालवण्याचा अनुभव हेही विश्वस्ताचे भांडवल असते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. तरीही ते सारे मंडळ युंग यांच्या निकटच्या वर्तुळातले होते, आणि त्या वर्तुळाबाहेरून पाहणारे कोणी त्यात नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

ती संस्था कायद्याने प्रतिष्ठान आहे. सभासदांनी निवडलेल्या मंडळाची संघटना नव्हे. पुढे कारभाराच्या प्रश्नावर क्युरेटोरियमशी तीव्र मतभेद झाले, तेव्हा अनेक प्रशिक्षक विश्लेषक बाहेर पडले आणि २००४ मध्ये पदवीधर विश्लेषकांच्या एजीएपी या संघटनेच्या छत्राखाली त्यांनी आयसॅप झुरिक ही वेगळी प्रशिक्षण संस्था सुरू केली. त्यामुळे विश्वस्त कोण आहेत याच्याइतकाच, त्यांना कोण नेमते आणि कोण हटवू शकते हा प्रश्नही विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन. सभासदांकडे मत असेल तर नाराजी सभेत मांडता येते. ते नसेल तर नाराज माणसाला संस्था सोडण्यावाचून मार्ग उरत नाही.

लंडनमधील फाटाफूट वेगळ्या कारणाने झाली. सोसायटी ऑफ ॲनालिटिकल सायकॉलॉजी या तेथील युंगीय संस्थेत बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल फोर्डहॅम यांच्या प्रभावाखाली बालपणाचा आणि संक्रमणाचा, म्हणजे रुग्ण जुन्या नात्यांतील भावना विश्लेषकाकडे वळवतो त्या प्रक्रियेचा, विचार पुढे आला, तर बर्लिनमध्ये वाढलेले आणि झुरिकची परंपरा मानणारे गेरहार्ड ॲडलर १९७७ च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांसह वेगळे झाले व असोसिएशन ऑफ युंगियन ॲनालिस्ट्स उभी राहिली. म्हणून विश्लेषक विश्वस्ताचा परिचय वाचताना त्याचे प्रशिक्षण कोणत्या परंपरेत झाले हेही पाहावे. सगळे एकाच संस्थेतले असतील, तर संस्थेची वैचारिक दिशा काय आहे हे त्यावरून बऱ्यापैकी कळते.

दिवेलागण

बाहेरच्या विश्वस्तांविषयी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी स्वतः अशा प्रशिक्षणातून गेलो आहे. लेखापाल आणि वकील आवश्यक आहेत यात शंका नाही, पण ज्यांनी कधी विश्लेषण घेतलेले नाही अशांची बहुसंख्या झाली, तर एका शिक्षकामागे जेमतेम काही विद्यार्थी असलेले, आठवड्यातून अनेकदा विश्लेषणाची अट घालणारे प्रशिक्षण त्यांना तोट्याचा अभ्यासक्रम वाटू लागते. मग तुकड्या वाढवाव्यात किंवा अटी सैल कराव्यात असा दबाव येतो. म्हणून आपण सांगितलेल्या संस्थेतील विश्लेषकांची बहुसंख्या मला खटकत नाही.

मला खरा धोका वेगळ्या ठिकाणी दिसतो. छोट्या संस्थेत विश्वस्त हा कोणाचा तरी विश्लेषक असतो, कोणाचा पर्यवेक्षक असतो आणि कोणाचा एके काळचा रुग्णही असतो. माणूस आपल्या विश्लेषकाविषयी खोलवर भावना बाळगतो हे तर या उपचाराचे मूळ तत्त्व आहे, आणि ती माणसे एका टेबलाभोवती बसून मतदान करतात तेव्हा त्या भावना बाहेर ठेवून येत नाहीत. ज्याला असे कोणतेही नाते नाही असा एक लेखापालही तेथे साधा प्रश्न विचारू शकतो, जो इतरांना विचारणे जड जाते.

थेम्सकाठ

मनःपूर्वक आभार. माझ्या संभाव्य विश्लेषिका याच संस्थेच्या विश्वस्त आहेत, हे मी आधी लिहायला हवे होते असे आता वाटते. अशा स्थितीत संस्थेला काय विचारावे?

अक्षांश

आपल्या विश्लेषिका आपल्या मूल्यमापनात, शुल्कसवलतीच्या निर्णयात किंवा आपल्या अपिलात सहभागी होतील का, हे लेखी विचारा आणि हितसंबंधांविषयीचे धोरण मागून घ्या. विश्लेषकाने प्रशिक्षण समितीला काय कळवायचे यावरही नियम असावा. केवळ सत्रांची संख्या कळवणे आणि प्रगतीविषयी मत देणे यांत फार अंतर आहे.

ब्रिटनमध्ये ‘सायकोथेरपिस्ट’ या बिरुदाला कायद्याचे संरक्षण नाही, म्हणून संस्था यूकेसीपी किंवा बीपीसी या मानसोपचारकांची नोंदणी ठेवणाऱ्या संघटनांपैकी कोणाशी संलग्न आहे हेही पाहा. नोंदणीकृत चिकित्सकाच्या वर्तनाविषयीची तक्रार तेथे नेता येते. प्रशिक्षणार्थीच्या मूल्यमापनाचा वाद मात्र बहुधा संस्थेतच सोडवावा लागतो, तेव्हा अपील ऐकणाऱ्या समितीत बाहेरचा सदस्य असतो का, हे अर्जाचे शुल्क भरण्याआधी विचारा. संस्था मर्यादित कंपनी म्हणूनही नोंदलेली असेल, तर कंपनीज हाउसच्या नोंदीत विश्वस्तांच्या नियुक्तीच्या आणि राजीनाम्याच्या तारखा मिळतील. थोड्याच काळात अनेक राजीनामे आलेले दिसले, तर त्यांचे कारण मुलाखतीत सरळ विचारायला संकोच करू नका.