रेंज, गच्चीची किल्ली आणि ठराव क्रमांक ७

सकाळी ८:१२

सावंत बी-७०३: सुप्रभात. आज बारावा दिवस. बी विंगला मागच्या बाजूला रेंजचा पत्ता नाही. काल रात्री आईच्या डॉक्टरांचा फोन तीनदा कट झाला. समोरची बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हापासून हे चाललंय, सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी तोंड उघडत नाही. कमिटीने आजवर काय केलं ते इथे लिहावं.

कदम बी-२०४: रेंज नाही आणि एवढा लांबलचक मेसेज कसा आला? 😀

सावंत बी-७०३: वायफायवरून लिहितोय. बँकेचा ओटीपी वायफायवर येत नाही. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला राहता, तुम्हाला काय कळणार.

मिसाळ वहिनी बी-६०३: आमच्याकडे एक दांडी येते ती ओट्याच्या टोकाला, मिक्सरच्या मागे. फोन तिथे पोळपाटाला टेकवून ठेवते. परवा सिलेंडरवाला दारात उभा, कोड काही येईना. वहिनी, खालच्या मजल्यावर देऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. कोड त्यानंतर दोन तासांनी आला.

पाध्ये काका ए-१०१: २०१४ च्या वार्षिक सभेचं इतिवृत्त काढा. ठराव क्र. ७. मग बोलू.

देसाई (सेक्रेटरी): नमस्कार. कमिटीने कंपनीला दोन मेल केले आहेत, उत्तर आलं की कळवतो. टॉवर समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर होता. त्यांची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, टॉवर उतरवला. हे आपल्या हातात नव्हतं. सर्वांनी सहकार्य करावे ही विनंती 🙏

सावंत बी-७०३: रेंजला सहकार्य कसं करतात तेही सांगा.

कदम बी-२०४: खिडकीतून हात बाहेर काढून.

भिडे काकू ए-७०४: आम्हाला तर टॉवर गेल्यापासून बरं वाटतंय. डोकं दुखायचं थांबलं. चिमण्याही परत येतील आता.

मिसाळ वहिनी बी-६०३: काकू, तुमच्या विंगला रेंज आहे म्हणून बरं वाटतंय.

सकाळी ९:४०

रोहन गोखले सी-५०२: सगळ्यांना नमस्कार, मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं सांगतो. समोर एकाच खांबावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना होते, त्यामुळे सगळ्यांचीच सिमं एकदम आडवी झाली. मुलुंड पूर्वेला सध्या गल्लोगल्ली पाडकाम चालू आहे. जुनी सात मजली बिल्डिंग गेली की तिच्या डोक्यावरचा टॉवरही जातो आणि नवी उभी राहीपर्यंत तो कोपरा पोरका होतो. आता आपल्याला सिग्नल येतोय तो मिठागर रोडच्या बाजूने. ए विंगला तो थेट मिळतो, बी विंगच्या आड ए विंग येते. नवा टॉवर जवळपास बसेपर्यंत हे असंच राहणार.

जोशी आजोबा ए-३०२: पण माझ्या फोनवर ५जी असं लिहून येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई होतीच की.

कदम बी-२०४: मुंबई होती, बी विंग नव्हती.

रोहन गोखले सी-५०२: आजोबा, ५जी लिहून आलं म्हणजे आत पोचलं असं नाही. त्यातला वेगवान भाग ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तो भिंतीतच जीव सोडतो. ७०० चा पट्टा लांबून येतो, भिंतीतून शिरतो, पण त्याचा रस्ता अरुंद. संध्याकाळी सगळे त्यावरच चढले की कोंडी. आणि लिफ्टमध्ये कॉल तुटतो त्यात कोणाचाच दोष नाही, तो चारी बाजूंनी बंद लोखंडी डबा आहे. बी विंगवाल्यांनी दोन गोष्टी करून बघा: नेटवर्क सेटिंग ४जी वर आणा आणि वायफाय कॉलिंग चालू करा. कॉल येतील. ओटीपीची मात्र हमी देत नाही.

मिसाळ वहिनी बी-६०३: वायफाय कॉलिंग लागलं! थँक्यू रोहन. माहेरी अर्धा तास बोलले. 🙏

सावंत बी-७०३: म्हणजे ब्रॉडबँडचं बिल आम्ही भरायचं आणि सिमचा रिचार्जही आम्हीच मारायचा. छान.

पाध्ये काका ए-१०१: माझा मुद्दा कोणी वाचला नाही वाटतं. २०१४. ठराव क्र. ७. इतिवृत्त काढा.

तांबे सी-६०१: पोर्ट करा ना सरळ, नंबर तोच ठेवून कंपनी बदला. १९०० ला मेसेज टाकायचा.

कदम बी-२०४: मी केलं. आता नव्वद दिवस हलता येत नाही. आधी बाहेर रेंज नव्हती, आता आतही नाही.

जोशी आजोबा ए-३०२: १९९५ साली जुलैच्या ३१ तारखेला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. लोक नंबर बघायचे, कट करायचे आणि पीसीओवर जाऊन उलट फोन करायचे. आता फुकट आहे तर फोनच येत नाही.

सावंत बी-७०३: आजोबा, मुद्द्यावर राहू या का?

जोशी आजोबा ए-३०२: मुद्द्यावरच आहे. माझा लँडलाइन चालू आहे. डॉक्टरांना माझा नंबर देऊन ठेवा, हवं तर.

सावंत बी-७०३: धन्यवाद आजोबा. खरंच देतो.

दुपारी १२:५५

मिसाळ वहिनी बी-६०३: विषय निघालाच आहे तर, सी विंगच्या सहाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर माशाच्या काट्यासारखं काहीतरी लावलंय ते काय आहे?

तांबे सी-६०१: टीव्हीचा अँटेना आहे.

कदम बी-२०४: दूरदर्शन बघता?

तांबे सी-६०१: आमच्या घरात आम्ही काय बघायचं तेही ग्रुपला विचारायचं का?

रोहन गोखले सी-५०२: तांबे काका, रागावू नका. त्याची वायर आत एखाद्या छोट्या डब्याला जात असेल तर तो बूस्टर आहे. परवान्याशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे. आणि स्वस्तातला बूस्टर नुसती रेंज वाढवत नाही, गोंगाटही टॉवरकडे फेकतो. मग आजूबाजूच्या सगळ्यांचा आवाज तुटायला लागतो. सी विंगला गेल्या आठवड्यापासून "हॅलो, ऐकू येतंय का" चाललंय ते कदाचित त्यामुळेच.

तांबे सी-६०१: दुकानदाराने असं काही सांगितलं नव्हतं.

कदम बी-२०४: टीव्हीच्या दुकानदाराने? 😀

तांबे सी-६०१: कदम, तुमची स्कूटर माझ्या पार्किंगमध्ये एक फूट आत असते. त्याचंही इतिवृत्त काढू या का?

पाध्ये काका ए-१०१: इतिवृत्त काढायचंच असेल तर २०१४ चं काढा.

देसाई (सेक्रेटरी): कृपया वैयक्तिक पातळीवर जाऊ नये. तांबे, ते यंत्र आज बंद ठेवून बघता का? नम्र विनंती.

तांबे सी-६०१: बघतो.

दुपारी ४:२०

सावंत बी-७०३: मी थेट प्रस्ताव मांडतो. आपल्याच गच्चीवर टॉवर घ्या. रेंज मिळेल, भाडं मिळेल, मेंटेनन्स कमी होईल.

भिडे काकू ए-७०४: अजिबात नाही. गच्चीखाली आम्ही राहतो. रेडिएशन आमच्या डोक्यावर आणि रेंज तुमच्या घरात?

रोहन गोखले सी-५०२: काकू, टॉवरसाठी आपल्याकडची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश ठेवली आहे. खात्री करायची असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर ४००० रुपये भरून मोजणी मागवता येते. अँटेनाचा झोत आडवा जातो, सरळ खाली फार थोडा येतो. उलट रेंज नसते तेव्हा कानाला लावलेला फोनच जास्त जोर लावतो. बॅटरी दुपारीच संपते ती त्याने.

भिडे काकू ए-७०४: तू लहान आहेस रोहन. आणि त्याच क्षेत्रातला आहेस.

मिसाळ वहिनी बी-६०३: समोर टॉवर होता तेव्हा तो सरळ माझ्या खिडकीत दिसायचा. तेव्हा कोणाला माझ्या डोक्याची काळजी नव्हती.

देसाई (सेक्रेटरी): माहितीसाठी. टॉवर घ्यायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव, वरच्या मजल्यांची संमती, आणि आपली बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची असल्याने स्ट्रक्चरल ऑडिट. भाड्यावर जीएसटी आणि इन्कम टॅक्स आहेच. शिवाय आपणही उद्या पुनर्विकासाला जाऊ, तेव्हा करार मोडायचा प्रश्न येईल.

कदम बी-२०४: म्हणजे समोरच्यांनी आपल्याला जे केलं ते आपण मागच्या गल्लीला करायचं. परंपरा आहे.

सावंत बी-७०३: तोवर निदान गच्चीची किल्ली द्या. ओटीपीसाठी मला सात मजले उतरून गेटवर जावं लागतं. वर एक जिना चढलं की रेंज फुल्ल आहे.

देसाई (सेक्रेटरी): किल्ली दिली की गच्चीवर काय काय होतं ते सर्वांना माहीत आहे.

भिडे काकू ए-७०४: कुरडयांचं म्हणत असाल तर त्या माझ्या नव्हत्या.

मिसाळ वहिनी बी-६०३: मग प्लास्टिकवर भिडे असं मार्करने कोणी लिहिलं होतं काकू?

जोशी आजोबा ए-३०२: कुरडया उत्तम होत्या.

रोहन गोखले सी-५०२: एक सुचवतो. १९८ वर प्रत्येक घराने वेगवेगळी तक्रार करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर मला पाठवा. सोसायटीचा एक मेल कोणी हलवत नाही, एका पत्त्यावरच्या वीस तक्रारी दिसतात. कंपनीच्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशाही असतो, त्यात आपली बिल्डिंग अजून हिरवी आहे. स्क्रीनशॉट जोडा.

कदम बी-२०४: नकाशातल्या बिल्डिंगमध्ये राहायला जायचं का?

सावंत बी-७०३: १९८ ला फोन लावायला रेंज लागते.

जोशी आजोबा ए-३०२: माझ्याकडे येऊन मोबाईलवरून लावा. चहा आहे.

रात्री ९:०५

तांबे सी-६०१: बंद केलं. आता सी विंगवाल्यांनी सांगावं फरक पडला का.

रोहन गोखले सी-५०२: पडला काका. आवाज स्वच्छ आहे. 🙏

तांबे सी-६०१: म्हणजे आता माझ्या घरात रेंज नाही आणि तुमच्या आहे. ठीक आहे.

पाध्ये काका ए-१०१: दिवसभरात तीन वेळा लिहिलं. कोणी इतिवृत्त काढलं नाही, शेवटी मीच माळ्यावरून फाइल काढली. फोटो टाकतो.

पाध्ये काका ए-१०१: [फोटो]

कदम बी-२०४: अरे बापरे.

जोशी आजोबा ए-३०२: अक्षर कोणाचं? सुंदर आहे.

मिसाळ वहिनी बी-६०३: "गच्चीवर मोबाईल टॉवर बसवण्याचा प्रस्ताव आरोग्याच्या कारणास्तव फेटाळण्यात येत आहे. सूचक: श्रीमती भिडे." आणि खालचं नाव वाचलंत का सगळ्यांनी?

भिडे काकू ए-७०४: मी तेव्हाही बोलले होते, आजही बोलते. माझं मत बदललेलं नाही. बाकीच्यांचं मला माहीत नाही.

कदम बी-२०४: सावंत साहेब, अनुमोदक कोण आहे ते जरा बघा.

सावंत बी-७०३: वायफाय गेलंय. फोटो उघडत नाहीये. नुसतं गोल फिरतंय.

कदम बी-२०४: गच्चीवर जाऊन बघा.

देसाई (सेक्रेटरी): किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. सही करून न्यावी.