पत्रिका झाली, आता जनुकंही जुळवायची?

गिरगावकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘लग्नाआधी बहिरेपणाची जनुकीय तपासणी सक्तीची करा, पुढच्या पिढीत प्रश्नच उरणार नाही.’ डोकंच फिरलं. माझे आईबाबा दोघंही जन्मतः बहिरे. ताईला आणि मला खणखणीत ऐकू येतं, कारण दोघांच्या बहिरेपणाची जनुकं वेगळी निघाली. आम्ही भावंडं दोन्हींचे वाहक, दोष अंगात पण कान शाबूत, म्हणजे तुमच्या हिशेबाने आमचंही लग्न बाद! उलट कनेक्सिन २६ या ऐकण्याशी संबंधित जनुकाचा दोष चांगल्या कानाच्या नवराबायको दोघांतही लपलेला असला, की दर मुलामागे २५ टक्के धोका. बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्यांच्याच पोटी येतात. आणि ‘प्रश्न’ कसला? आमच्या घरी भांडणं हातांनी होतात. बाबांना कंटाळा आला की ते डोळे मिटून घेतात, आई चिडून त्यांचा दंड हलवते. बस्स, एवढाच प्रश्न.

पार्लेकर: छान. आता आमचं ऐका. भाचा दीड वर्षाचा झाला तरी ‘मुलगे उशिराच बोलतात’ हेच चाललं होतं. ‘बेरा’ ही कानाची तपासणी उशिरा, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट त्याहून उशिरा. आणि सगळा ठपका बहिणीवर, ग्रहणात भाजी चिरली म्हणून! रिपोर्टमध्ये कनेक्सिनचा दोष दोन्हीकडून आलेला दिसला, तेव्हा सासूबाई गप्प झाल्या. शिवाय आईकडून येणारा एक मायटोकॉन्ड्रियाचा दोष असा आहे, की जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनने कान जातात. आधी कळलं तर ते टाळता येतं. हेही नको?

कल्याणची: तपासण्या राहू द्या. आधी लोकलच्या अपंगांच्या डब्यात बहिऱ्या माणसाला बसू द्या. मी धडधाकट दिसते म्हणून रोज कुणीतरी खेकसतं. ओठ वाचून कळतं हो काय बोलता ते.

ठाणेकर: त्या डब्यात निम्मे लोक घुसखोर असतात. विचारणारच.

कल्याणची: विचारा की. खांदा धरून उठवायचं कारण काय?

ठाणेकर: मी उठवलं का तुम्हाला? सकाळी ठाण्याला चढून दाखवा, मग बोला.

पार्लेकर: अहो, विषय जनुकांचा आहे!

कल्याणची: तुमचा असेल. माझा रोजचा विषय ८:१२ चा आहे.

गिरगावकर: पार्लेकर, सासूबाईंना गप्प करण्यापुरती तुमची तपासणी मान्य. जेंटामायसिनचंही मान्य, घ्या. पण ज्याला हवी त्याने करावी. सक्ती केलीत तर उद्या स्थळं बघताना फोटोसोबत रिपोर्ट मागतील, आणि नकार मुलीकडच्यांनाच येईल.

पार्लेकर: सक्ती मी म्हणालोच नव्हतो. ते कालचे महाशय. कुठे गायब झाले?

ठाणेकर: बाई, अपंगत्वाचं कार्ड गळ्यात अडकवून बसा ना, वादच मिटेल.

कल्याणची: कार्ड पर्समध्ये आहे, मागितलं की दाखवते. मागणाऱ्यांपैकी कितीजणांकडे स्वतःचं असतं, ते सांगा.