नागपुरातल्या नाताळच्या झाडावर बर्फ हवाच कशाला?

गव्हाणीवाला

रविवारी घरी झाड सजवायला बसलो. हॉलमध्ये आम्ही सहा जण, सगळे अर्ध्या बाह्यांत, आणि आत करंज्या तळणं चालू. मोठ्या वहिनीनं मेडिकलमधून आणलेला कापूस पिंजून झाडावर, खिडकीच्या गजांवर, टीव्हीच्या टेबलावर लावला आणि वरून थर्माकोलचे दाणे भुरभुरवले. मला उकडत होतं म्हणून पंखा लावला. दोन मिनिटांत सगळा बर्फ करंज्यांच्या परातीत! ते दाणे तर असे चिकटतात की एका हातावरचे झटकले तर दुसऱ्या हातावर जाऊन बसतात.

बोलणी मी खाल्ली. पण जिथं डिसेंबरात पंखा लावावा लागतो तिथं बर्फ कशाला? शास्त्रात, म्हणजे बायबलात, गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे. त्या रात्री बर्फ पडत होता असं कुठंही नाही. लंडनमध्ये १८४३ साली पहिलं छापील नाताळकार्ड विकायला आलं, त्यावरसुद्धा बर्फ नव्हता. पुढच्या कार्डांवर पडायला लागला, तो आपल्याकडे अजून थांबलेला नाही.

मोहननगरला आजीच्या घरी दारात रांगोळी असायची, कामट्यांची चांदणी आणि गव्हाणीत खरं तणीस. यंदा आमच्या मंडळीच्या तरुण संघानं चर्चच्या अंगणात फेसाचे स्प्रे मारून 'हिमगाव' करायचं ठरवलंय. माझा विरोध आहे. बोला.

संत्राबर्फी

भाऊ, आमच्या गल्लीत गणपतीला दर दोन वर्षांनी कैलास असतो. बाहेर चिकचिक उकाडा, मंडपात दोन कूलर आणि महादेवाच्या मागं पांढराशुभ्र डोंगर. नागपुरात बर्फ कुठं, असं आजवर कोणी विचारलं नाही. सजावट म्हणजे हवामान खात्याचा अंदाज आहे का? करंज्यांवर झाकण ठेवा, झालं.

गव्हाणीवाला

कैलासावर बर्फ आहेच ना ताई. बेथलेहेमात कुठं होता?

नकाशेवाला

बेथलेहेमातही पडतो. गाव डोंगरावर आहे, समुद्रसपाटीपासून पावणेआठशे मीटरच्या आसपास. आपलं नागपूर जेमतेम तीनशे दहा. २०१३ च्या डिसेंबरात जेरुसलेमच्या बाजूला इतका बर्फ पडला होता की रस्ते बंद झाले होते. दरवर्षी पडत नाही, पण बेथलेहेम म्हणजे वाळवंट असं समजून बोलू नका. आणि नागपूरची थंडी काढलीच आहे तर २९ डिसेंबर २०१८ आठवा, पारा ३.५ वर गेला होता. त्या रात्री लावला होता का पंखा?

गव्हाणीवाला

नाही लावला. तीन दुलया घेतल्या होत्या. बर्फ तरीही पडला नाही.

तरुण संघातलाच एक

काका, हे सगळं बैठकीत बोलायचं होतं. आता बोलतो. बर्फ परदेशी म्हणून काढायचा, ठीक आहे. मग झाडही काढा, ते जर्मनीचं. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं, तेव्हा कुठं इंग्रजांच्या घरोघरी झाड पोचलं. केक काढा. सांताही काढा, दरवर्षी मीच होतो, त्या मखमली कोटात काय हाल होतात ते मला विचारा. कुठं थांबणार आपण?

दुसरं म्हणजे मागच्या वर्षी तुमच्या म्हणण्याप्रमाणे तणसाची गव्हाणी केली होती. तिच्यासमोर फोटो काढायला किती लोक उभे राहिले? मोजून सांगा. वस्तीतली पोरं आयुष्यात मनालीला जाणार नाहीत. एका संध्याकाळी त्यांच्या डोक्यावर पांढरं काही पडलं तर शास्त्राचं काय बिघडतं?

गव्हाणीवाला

झाड काढा असं मी कुठं म्हटलं बेटा? पण त्या स्प्रेचा फेस पोरांच्या डोळ्यांत जातो, फरशी निसरडी होते आणि वीस मिनिटांत त्याचं पाणी होतं. पुढं रात्रभर पोछा मारणार कोण, तेही बैठकीत ठरलं का? आणि थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. हो, माझ्या घरीही होता. म्हणूनच लिहितोय.

कापूसकोंड्या

थर्माकोल आणि स्प्रे यांना काय बोलायचं ते बोला, मी तुमच्याच बाजूनं. कापसाला मात्र हात लावायचा नाही.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या पहिल्या जानेवारीला सुरू केलेली ती गिरणी. आता तिथं मॉल आहे. बाबा पाळी संपवून घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांत, हातांच्या केसांवर बारीक रुई बसलेली असायची. आई दारातच टॉवेल द्यायची, झटकून मग आत. शेजारचं घर ख्रिस्ती, तिथले काका बाबांच्याच खात्यात. दिवाळी झाली, जरा गारवा पडला की चाळीत पिंजारी यायचा. जुन्या गाद्या-रजया उसवायच्या आणि तो मधल्या मोकळ्या जागेत बसून पिंजणीची तात छेडायचा. सगळ्या चाळीत तो टंय टंय आवाज. धुक्यासारखी रुई उडायची, तुळशीवर बसायची, वाळत घातलेल्या धोतरांवर बसायची. काकू ती खाली पडलेली रुई वेचून डालड्याच्या डब्यात भरून ठेवायच्या.

नाताळच्या आठवड्यात काका सुरूची फांदी आणायचे. रेतीनं भरलेल्या पिंपात ती रोवायची, पिंपाला बारदाना गुंडाळायचा आणि काकू आम्हा पोरांच्या हातात तो डबा द्यायच्या. त्याला बर्फ कोणी म्हणतच नव्हतं. 'झाडाला रुई लावायला या,' एवढंच. बर्फ आम्ही पाहिलेला तो गोळेवाल्याच्या रंध्याखाली.

तेव्हा तुमच्या झाडावर जे आहे ते लंडनहून आलेलं नाही. ते आपल्याच वावरातलं आहे.

वायरिंगवाला दादा

सगळं खरं, पण कापूस आणि लायटिंगची माळ एकत्र नको. जुन्या बारीक बल्बच्या माळा तापायच्या. आताच्या एलईडी तेवढ्या तापत नाहीत, पण स्वस्त माळेचा जोड सैल असतो, तिथं ठिणगी उडते. माझ्याच घरी एकदा फांदीवरचा कापूस काळा पडून धुपायला लागला होता, बायकोला वास आला म्हणून वाचलो. कापूस खालच्या फांद्यांवर, माळ वरच्या. आणि झोपताना बटण बंद नाही, पिनच काढायची.

रोपवाली

प्लास्टिकच्या झाडाबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी बोलते. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत मिळतं ते अरौकेरिया. मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटाचं, आणि त्या बेटावर बर्फ पडत नाही. म्हणजे झाडाला स्वतःलाच बर्फ ठाऊक नाही! आपल्याकडे टिकतं, फक्त एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीखाली ठेवा, नाहीतर शेंडे करपतात. माझं पाचवं वर्ष आहे.

लाल रंग हवा असेल तर पॉइनसेटिया. तो मेक्सिकोचा, तोही उन्हाळी देशातला. त्याची पानं लाल व्हायला रोज तेरा-चौदा तासांचा सलग अंधार लागतो, तोही कित्येक आठवडे. मी एका वर्षी कुंडी फाटकाजवळ, रस्त्याच्या दिव्याखाली ठेवली होती. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, हिरवी ती हिरवीच. नवरा म्हणाला, नर्सरीवाल्यानं फसवलं. फसवलं महापालिकेच्या दिव्यानं.

जुना सभासद

गव्हाणीचा देखावासुद्धा कोणीतरी पहिल्यांदा केलाच आहे. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गवत पसरून खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. जवळ होतं ते घेतलं त्यानं. आपण बैल आणायचे म्हटले तर पोळ्याची झूलही तयार आहे घरात.

बाकी काय लिहू? याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची एक मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. कापसावर मात्र एका घरात एकमत होत नाही.

तरुण संघातलाच एक

आजोबा, गव्हाणी कोपऱ्यात असणारच आहे. पण तिच्याभोवती काहीतरी पांढरं पाहिजे. स्प्रेची ऑर्डर दिलेली नाही अजून, फक्त भाव विचारला आहे. दुसरं काही असेल तर सांगा, नुसतं 'नको' म्हणू नका.

काटोलकर

भाऊ, तुम्ही लोक मेडिकलमधून कापूस आणून राहिले अन् इथं आमचा तिसरा वेचा चालू हाय. सकाळी दहिवर पडलं का वावर पांढरंफटक दिसते. मेडिकलचा कापूस धुतलेला, त्याले वासच नाही. पऱ्हाटीच न्या ना उपटून. छातीएवढी उंच, पानं गळालेली, बोंडं फुटून कापूस लोंबून राहिला. कुंडीत रोवली का झालं झाड. वरून काही लावाचं कामच नाही. दोन-चार संत्री बांधा त्याले, आंब्या बहाराची हायेत अजून झाडावर.

फक्त एक ध्यानात ठेवा. सण झाला का ते ठेवू नका, जाळून टाका. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून त कृषीवाले डिसेंबरात वावर मोकळं करा म्हणते.

संत्राबर्फी

अगं बाई! आणि सणाच्या दिवशीच अळी बाहेर आली तर?

काटोलकर

पोरं खुश होतील ताई. मोठे वरडतील.

कापूसकोंड्या

काटोलकर भाऊ, एक माझ्यासाठी. मी ख्रिस्ती नाही, पण दारात ठेवीन.

वायरिंगवाला दादा

वाळलेली पऱ्हाटी आणि वर कापूस! त्यावर माळ टाकणार असाल तर मला आधी फोन करा. मी येऊन लांबून फोकस लावून देतो.

तरुण संघातलाच एक

पंधरा उभ्या केल्या तर अख्खं अंगण पांढरं दिसेल. खालून निळा फोकस. हे मी बैठकीत मांडतो. हिमगाव नाव मात्र राहील, फ्लेक्स छापून आलाय.

गव्हाणीवाला

फ्लेक्स छापलाय तर राहू दे. टेम्पोचं भाडं मी देतो.

घरी वहिनीला पऱ्हाटीचं विचारून पाहिलं. सणाला वाळल्या काड्या घरात आणायच्या नाहीत म्हणाली, झाड हिरवंच पाहिजे आणि कापूस जिथल्या तिथंच राहील. थर्माकोल तेवढा तिनं आपणहून झाडून काढला, करंज्यांत सापडला म्हणून. सध्या पंखा बंद आहे.